कला कशाला म्हणायचं, हे स्वतः ठरवताना

एक वही घ्या, पण पहिल्या पानावर व्याख्या लिहू नका. व्याख्येपासून सुरुवात केली की हात आपोआप शाळेत पाठ केलेल्या वाक्यांकडे वळतो: कला म्हणजे भावनांची अभिव्यक्ती, कला म्हणजे सौंदर्याची निर्मिती, कला म्हणजे जीवनाचा आरसा. ही वाक्यं कुणाच्या तरी दीर्घ विचाराच्या शेवटी आलेली आहेत, आणि तो विचार आपण केलेला नसतो. म्हणून पहिल्या पानावर फक्त यादी करा. माणसाने घडवलेल्या ज्या ज्या गोष्टींपाशी तुम्ही आजवर थबकलात, ज्यांच्याकडे परत जावंसं वाटलं, त्यांची यादी.

तीत मोठी नावं असलीच पाहिजेत असं नाही. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात डोळे अंधाराला सरावल्यावर पद्मपाणीच्या खाली झुकलेल्या नजरेने तुम्हाला खरोखर धरून ठेवलं असेल, तर अजिंठा लिहा. त्या सहलीतलं ऊन आणि पायऱ्याच जास्त आठवत असतील, तर लिहू नका. आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा हात, कीर्तनकाराने अभंगाच्या मध्यावर बदललेली चाल, एखाद्या सिनेमातला जेमतेम तीन मिनिटांचा प्रसंग, यातलं काहीही त्या पानावर येऊ शकतं. दहा-पंधरा नोंदी पुरेत. प्रत्येक नोंदीपुढे एक ओळ लिहा: मला इथे नेमकं कशाने थांबवलं? त्या ओळीत ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘भावपूर्ण’, ‘मनाला भिडणारं’ हे शब्द वापरायचे नाहीत. ते बाजूला ठेवले की नेमकं बोलावंच लागतं. गोधडीचे टाके कडेकडेने फिरत आत आत येतात आणि मधल्या चौकोनाशी संपतात. चाल बदलली तेव्हा शब्द तेच राहिले, पण त्यांचा रोख देवाकडून ऐकणाऱ्याकडे वळला. अशा ओळी हव्यात.

दुसऱ्या पानावर अडचणीच्या गोष्टी लिहा. ज्यांना सगळे कला म्हणतात पण तुम्हाला जिथे काहीच झालं नाही, अशा. आणि ज्या तुम्हाला मनापासून आवडतात पण ज्यांना कला म्हणायला जीभ रेटत नाही, अशा. मला हे पान पहिल्यापेक्षा मोलाचं वाटतं. आपल्या डोक्यात एक व्याख्या आधीपासून बसलेली असते, आणि ती इथे सापडते. ‘लावणी आवडते, पण कला म्हणावी का?’ असं लिहिताना पेन अडलं, तर ते का अडलं याचा माग काढा. तिकीट लावून नाचतात म्हणून? प्रेक्षक शिट्ट्या मारतात म्हणून? लहानपणी घरात तो शब्द हलक्या आवाजात उच्चारला जायचा म्हणून? यातलं एकही कारण त्या नाचाबद्दल, त्या ढोलकीबद्दल, त्या अदाकारीबद्दल नाही. ती कारणं समाजातल्या उतरंडीबद्दल आहेत. गोधडीला ‘हस्तकला’ आणि कॅनव्हासला ‘कला’ म्हणण्याची सवयही तपासायला हवी. वात्स्यायनाच्या कामसूत्रातल्या चौसष्ट कलांमध्ये गाणं, नृत्य आणि चित्रांबरोबर फुलांची रचना आहे, पोपट-मैनेला बोलायला शिकवणंही आहे. संगीत, काव्य, चित्र, शिल्प आणि नृत्य यांना ‘ललित कला’ म्हणून एका कुंपणात आणणारं शार्ल बात्यो या फ्रेंच लेखकाचं पुस्तक १७४६ सालचं. आपल्याला निसर्गनियमासारखी वाटणारी रेघ एवढी अलीकडची आहे.

मनात दडलेली व्याख्या किती खरी कामं करते, हे पाहायचं असेल तर १९२६ साली न्यूयॉर्क बंदरात उतरलेल्या एका शिल्पाची हकिगत लक्षात ठेवा. शिल्पकार कॉन्स्टँटिन ब्रांकुशी, शिल्पाचं नाव ‘बर्ड इन स्पेस’. कांस्याचा उंच, निमुळता, आरशासारखा घासलेला आकार. पंख नाहीत, चोच नाही, पिसं नाहीत. अमेरिकेच्या कायद्यात कलाकृतींवर आयात कर नव्हता, पण कस्टमच्या अधिकाऱ्यांना ही कलाकृती वाटेना. त्यांनी ती स्वयंपाकघरातली भांडी आणि रुग्णालयाची उपकरणं या वर्गात टाकली आणि ४० टक्के कर लावला. शिल्प छायाचित्रकार एडवर्ड स्टायकन यांनी विकत घेतलेलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. साक्षीदारांना विचारलं गेलं की याला तुम्ही पक्षी का म्हणता, जंगलात हा दिसला तर त्यावर बंदूक रोखाल का, एखादा कुशल कारागीर धातूला अशीच झिलई देऊ शकणार नाही का.

अधिकारी अडाणी नव्हते. शिल्प म्हणजे निसर्गातल्या वस्तूची प्रतिकृती, अशी व्याख्या आधीच्या एका निकालातून त्यांच्याकडे आलेली होती आणि ते ती इमानाने वापरत होते. १९२८ साली निकाल ब्रांकुशींच्या बाजूने लागला. निसर्गाची नक्कल न करता अमूर्त कल्पना मांडणारा कलेचा नवा संप्रदाय अस्तित्वात आहे, हे कोर्टाने मान्य केलं. कोर्टाने दिलेली कारणं वहीत उतरवून घेण्याजोगी आहेत: वस्तू केवळ शोभेसाठी आहे, तिचा आकार डौलदार आणि पाहायला सुखद आहे, आणि ती एका व्यावसायिक शिल्पकाराची स्वतंत्र निर्मिती आहे. निकाल योग्य होता याबद्दल मला शंका नाही. पण त्यातल्या अटी पुन्हा वाचा. केवळ शोभेसाठी. व्यावसायिक शिल्पकार. या अटींनी ब्रांकुशी आत आले, आणि त्याच अटींनी आपल्याकडची एक भिंत बाहेर राहिली असती.

ती भिंत डहाणू, तलासरी, जव्हार भागातल्या वारली घराची. लग्न ठरलं की घरातली कुडाची भिंत शेणाने सारवायची, तिच्यावर गेरूचा हात द्यायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक लिहायचा. कुंचला म्हणजे टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडी. मोठ्या चौकाच्या मध्यभागी पालघाट देवी, बाजूच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव, कडेने नक्षीचे पट्टे. लिहिणाऱ्या सवाशिणी. लग्नविधी चालवणारी धवलेरी गाणी म्हणते. चौक नसेल तर लग्न लागत नाही. पुढच्या सारवणाबरोबर चित्र जातं, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर पोहोचले आणि त्यांनी लिहिणाऱ्यांच्या हाती कागद दिला. वारली समाजातले जिव्या सोमा म्हसे कागदावर चित्रं काढू लागले. विधीत पुरुष चौक लिहीत नसत, पण इथे विधी नव्हता. शेती, मासेमारी, तारप्याचा नाच, मुंग्यांच्या रांगा, सगळं त्यांच्या चित्रांत आलं. ती चित्रं मुंबईत गेली, परदेशात गेली. २०११ मध्ये म्हसे यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज त्या चित्रांतला त्रिकोणी देहाचा माणूस चहाच्या कपावर आणि विमानतळाच्या भिंतीवर दिसतो.

भिंतीवरचा चौक आणि कागदावरचं चित्र. यातली कला कोणती? दोन्ही? की एकच? आपली व्याख्या घडवण्यासाठी असा एखादा अवघड नमुना हाताशी हवा, आणि मला याहून चांगला नमुना माहीत नाही. आता उसन्या व्याख्या एकेक करून त्याच्याशेजारी ठेवू. उसन्या घ्यायला हरकत काहीच नाही. मात्र प्रत्येक व्याख्येला दोन प्रश्न विचारायचे: तुझ्यामुळे मला काय दिसलं, आणि तुला मानायचं तर मला काय सोडावं लागेल?

कांट १७९० साली म्हणाला की सौंदर्याचा निवाडा करताना वस्तू माझ्या काय कामाची, ती मला हवी आहे का, हे मनात नसावं. त्यामुळे आपल्याला एक शिस्त मिळते. घर विकत घ्यायचं म्हणून वास्तू पाहणं आणि वास्तू म्हणून वास्तू पाहणं यातला फरक कळतो. पण चौकासमोर बसलेल्या घरातल्या माणसांना त्या चौकाकडून खूप काही हवं आहे. देवी यायला हवी आहे, लग्न लागायला हवं आहे. कांटची अट जशीच्या तशी लावली तर त्या घरातली माणसं त्या चित्राची सर्वांत वाईट प्रेक्षक ठरतात. हे मला मान्य करता येत नाही.

आर. जी. कॉलिंगवुडने १९३८च्या आपल्या ग्रंथात कला आणि कारागिरी वेगळी केली. कारागिराला काय घडवायचं ते आधी ठाऊक असतं, कलावंताला ते घडवता घडवता कळतं. विचार मोठा आहे, लिहिणाऱ्या-गाणाऱ्या कुणालाही तो आतून पटेल. पण चौक काय असणार हे सवाशिणींना आधीच ठाऊक असतं. मग ती कारागिरी? थोडं थांबून पाहा. देवी मध्ये असणार हे ठरलेलं आहे. पण या भिंतीच्या या ओबडधोबड पृष्ठभागावर नक्षीचा पट्टा किती रुंद घ्यायचा, दोन त्रिकोणांमध्ये गेरू किती उघडा ठेवायचा, हे हातालाच ठरवावं लागतं. कॉलिंगवुडच्या व्याख्येने एक नवीन गोष्ट दाखवली: ठरलेल्या आणि न ठरलेल्यामधली जागा. भैरवीत ठुमरी गाणाऱ्यालाही स्वर ठरवून दिलेलेच असतात.

मग कलाविश्वाची व्याख्या. अँडी वॉरहॉलने १९६४ साली न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत साबणाच्या खोक्यांसारखी हुबेहूब खोकी मांडली, तेव्हा तत्त्वज्ञ आर्थर डांटोला प्रश्न पडला की दुकानातलं खोकं कला नाही आणि हे आहे, असं का? डोळ्यांना तर फरक दिसत नाही. त्याचं उत्तर असं की कलेचा इतिहास, सिद्धांत, चर्चा यांचं एक वातावरण असतं आणि त्या वातावरणात वस्तू कला ठरते. पुढे जॉर्ज डिकीने हेच संस्थांच्या भाषेत मांडलं. इतिहासकाराला ही व्याख्या उपयोगी आहे. एखादी वस्तू संग्रहालयात कशी पोहोचते हे तिने समजतं. पण स्वतःची व्याख्या घडवणाऱ्याने तिच्यापासून जपून राहावं, असं माझं ठाम मत आहे. ती मानली तर पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायका कुलकर्णी कागद घेऊन पोहोचेपर्यंत कला करत नव्हत्या, असं म्हणावं लागेल. ठरवण्याचा हक्क आपण दुसऱ्याच्या हाती देऊन टाकतो.

टॉलस्टॉयने १८९८च्या सुमारास कलेवर एक संतप्त पुस्तक लिहिलं. कलावंताने अनुभवलेली भावना दुसऱ्याला लागण व्हावी तशी लागली, तर ती कला. त्यात एक प्रसंग आहे: त्याची मुलगी लग्नानंतर घरी आली तेव्हा गावातल्या शेतकरी बायका विळे वाजवत गात होत्या, आणि उदास मनाने घरी परतणारा टॉलस्टॉय त्या गाण्याने उल्हसित झाला. त्याच संध्याकाळी कुणी बेथोव्हनचा एक सोनाटा वाजवला, तो मात्र त्याला पोकळ वाटला. लग्न, बायका, गाणी. ही व्याख्या आपल्या चौकाला दारातच मिठी मारते. पण तिची किंमतही त्याने मोजली: बेथोव्हनची नववी सिम्फनी गेली, आणि स्वतःच्या दोन कथा वगळता त्याचं जवळजवळ सगळं लेखन वाईट कलेत गेलं. मी ही किंमत देणार नाही. तुम्ही देणार असाल तर ती टॉलस्टॉयइतक्या धैर्याने द्या. व्याख्या ठेवायची आणि तिचे परिणाम लपवायचे, असं करू नका.

आपल्या जवळच्या दोघांना विचारू. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये सौंदर्याचं मूळ लयीत शोधलं. कलाकृतीतल्या घटकांमध्ये संवाद, विरोध आणि समतोल यांचे संबंध असतात आणि त्यांतून लय घडते. या चष्म्यातून पाहिलं की भिंत आणि कागद सारखेच बोलके होतात: गेरूवर पांढरं, गच्च पट्ट्यांच्या आत मोकळी जागा, उलटसुलट त्रिकोणांचे देह. पण लग्न उरत नाही. चौकातून लग्न काढून घेतल्यावर जे उरतं ते सुंदर आहे, पण ते पूर्ण चौक नाही. आणि अभिनवगुप्त? हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये बसून त्याने सांगितलं की नाटकातलं दुःख ना केवळ त्या पात्राचं राहतं ना माझं. ते साधारण होतं, म्हणून सहृदय प्रेक्षकाला ते चाखता येतं. रसात येणारी विघ्नंही त्याने सांगितली, त्यांतलं एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात अडकलेला प्रेक्षक. मला हा विचार फार प्रिय आहे, पण तो गॅलरीतल्या कागदासमोर उभ्या असलेल्या रसिकाला जास्त लागू पडतो. लग्नघरात कुणी प्रेक्षक नसतं. नवरीची आई आपल्याच सुखदुःखात बुडालेली असते, आणि ते विघ्न नसून त्या दिवसाचं मर्मच असतं.

असा फेरा तुमच्या यादीतल्या एखाद्या अवघड नोंदीभोवती घाला. एका बैठकीत होणार नाही. घाई करू नका. फेऱ्यानंतर तुम्हाला कळेल की तुमचं मन कुठे ओढ घेतं: करणाऱ्याकडे, घडलेल्या वस्तूकडे, पाहणाऱ्याकडे की ती ज्या समाजात घडली त्याच्याकडे. बहुतेक मोठ्या व्याख्या यांतल्या एकाला केंद्र धरतात. मराठीत ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ म्हणून फडके-खांडेकरांच्या नावाने चाललेला वादही अशाच दोन ओढींचा होता. तुमची ओढ कोणती ते ओळखा आणि मान्य करा.

आता वाक्य लिहा. एकच वाक्य, फार तर दोन. बहुतेकांचं पहिलं वाक्य ‘कला म्हणजे भावना व्यक्त करणं’ याच्या आसपास येतं. त्याला दोन्ही बाजूंनी धक्का द्या. नको ते आत येतंय का? मर्तिकात हंबरडा फोडणारी बाई भावना व्यक्त करते. ती कला नव्हे, आणि तसं म्हणणं तिच्या दुःखाचा अपमान होईल. हवं ते बाहेर जातंय का? वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हाससमोर उभे राहा. रंगाचे थर, त्यांत तरंगणारे काही आकार. कोणती भावना, विचाराल तर नाव सांगता येत नाही. तरी पाय हलत नाहीत. म्हणजे वाक्य एकीकडे सैल आणि दुसरीकडे आवळलेलं आहे. दुरुस्त करा, पुन्हा धक्का द्या.

इथे एक गल्लत फार लोक करतात. ‘ही कला आहे’ आणि ‘ही चांगली कला आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. ‘याला काय कला म्हणायचं!’ असं आपण चिडून म्हणतो तेव्हा बहुधा ती वाईट कला आहे असंच म्हणायचं असतं. तुमच्या व्याख्येत वाईट कलेला जागा हवी. कंटाळवाणं नाटक नाटकच असतं. ज्या वाक्यात फक्त उत्तम कृती मावतात ते कौतुक असतं, व्याख्या नसते.

माझं सध्याचं वाक्य उदाहरण म्हणून ठेवतो. कला म्हणजे माणसाने घडवलेली अशी गोष्ट, जिच्यात कामापुरतं लागलं असतं त्याहून जास्त लक्ष ओतलेलं असतं आणि जी समोरच्याकडूनही तसंच लक्ष मागते. चौक यात येतो: विधीला देवी पुरली असती, पण कडेचा पट्टा एवढ्या निगुतीने लिहिला जातो. गोधडी येते. ऊब द्यायला कसेही टाके चालले असते. वाईट कलेलाही जागा आहे, कारण ओतलेलं लक्ष समोरच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. शस्त्रक्रियेतले टाके येत नाहीत. तिथे लक्ष अपार असतं, पण ते सगळं कामाचंच असतं. गणितातली एखादी देखणी सिद्धता मात्र येते, आणि मी ती आनंदाने आत घेतो.

कुरकुर कुठे होते? मार्सेल ड्यूशाँपाशी. १९१७ साली त्याने दुकानातून आणलेलं चिनीमातीचं मुतारीचं भांडं ‘आर. मट’ अशी सही करून न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला पाठवलं. शुल्क भरणाऱ्या प्रत्येकाची कृती मांडू, असं त्या प्रदर्शनाचं वचन होतं. तरीही ते मांडलं गेलं नाही. घडवण्यात त्याने काहीच ओतलं नाही. निवडण्यात, नाव देण्यात, नेमक्या त्याच प्रदर्शनाला पाठवण्यात ओतलं. तेव्हा माझ्या वाक्यानुसार ते भांडं कला नाही, ते पाठवण्याची कृती कला आहे. हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. पण सध्या मी ते सोडायलाही तयार नाही, आणि अशी एखादी कुरकुर वाक्यात शिल्लक राहिली तर राहू द्यावी. १९५६ साली मॉरिस वाइट्सने तर असं मांडलं की कला ही संकल्पनाच उघडी आहे; नवनवीन कृती येत राहणार आणि कोणतीही बंद व्याख्या फुटत राहणार. त्याचं म्हणणं खरं असलं तरी वाक्य लिहिण्याचं काम व्यर्थ जात नाही. वाक्य असलं की फुटतंय कुठे ते तरी समजतं.

आणखी दोन परीक्षा जरूर घ्या. पहिली बनावट चित्राची. हान व्हान मेगरेन या डच चित्रकाराने व्हर्मीरच्या नावावर चित्रं रंगवली. १९३७ साली त्यातल्या एकाला आब्राहाम ब्रेडियस या नामांकित तज्ज्ञाने व्हर्मीरची श्रेष्ठ कृती म्हटलं आणि ते रॉटरडॅमच्या संग्रहालयात गेलं. युद्धानंतर, नाझी नेता गोअरिंगला राष्ट्राचा ठेवा विकल्याच्या आरोपाखाली तो पकडला गेला, तेव्हा त्याने चित्रं आपलीच असल्याचं कबूल केलं आणि कैदेत असताना साक्षीदारांसमोर आणखी एक रंगवून दाखवलं. कॅनव्हास तोच, रंग तेच. कबुलीच्या आदल्या दिवशी जे होतं ते दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी उरलं का? ‘हो’ म्हणालात तर तुमची व्याख्या वस्तूत आहे. ‘नाही’ म्हणालात तर करणाऱ्याचा इतिहास तुमच्या व्याख्येत आहे, मग तो वाक्यात लिहायला हवा.

दुसरी परीक्षा यंत्राची. २०२२ साली अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याच्या जत्रेत जेसन अ‍ॅलन याने मिडजर्नी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीकडून करवून घेतलेल्या चित्राला डिजिटल विभागात पहिलं बक्षीस मिळालं. शेकडो वेळा सूचना बदलून आपण ते घडवलं, असं त्याचं म्हणणं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मात्र मानवी निर्मितीचा निकष लावून नोंदणी नाकारली. कस्टमचा अधिकारी आणि ब्रांकुशीचा पक्षी पुन्हा समोरासमोर आले, असं मला वाटलं. फक्त या वेळी अधिकाऱ्याची बाजू मला तितकी दुबळी वाटत नाही. माझ्या वाक्यात ‘माणसाने घडवलेली’ आहे आणि ‘ओतलेलं लक्ष’ आहे. शेकडो सूचनांमागचं लक्ष खरं असू शकतं. पण निवड करणाऱ्याचं लक्ष आणि रेघ ओढणाऱ्याचं लक्ष एकाच जातीचं असतं का? ड्यूशाँपाशी मी निवडीला कला म्हटलं, तर इथे नाही म्हणायचा मला अधिकार उरत नाही. तुमच्या व्याख्येतले दोन निर्णय असे एकमेकांना भिडले की तिथेच थांबून विचार करा. उत्तर नंतर द्या.

वाक्याखाली तारीख घाला. ते बदलायचं असेल तर नव्या कृतीपाशी जाऊन आल्यावर बदला, वादात हरल्यामुळे बदलू नका. आणि मुद्दाम अशा ठिकाणी जा जिथे तुमचं वाक्य अडेल. वस्तूवर भर असेल तर कुडाळजवळ पिंगुळीला जाऊन ठाकर समाजाची चित्रकथी पाहा, जिथे चित्र एकटं पुरं होत नाही, सोबत सांगणारा आणि गाणारा लागतो. करणाऱ्याच्या व्यक्तिमत्त्वावर भर असेल तर वेरूळच्या सोळाव्या लेण्यात उभे राहा: आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात वरून खाली एकाच खडकातून कोरलेलं अख्खं मंदिर, आणि छिन्नी धरणाऱ्या शेकडो हातांपैकी एकाचंही नाव आपल्यापाशी नाही. टिकाऊपणाला महत्त्व देत असाल तर दहा दिवसांसाठी घडवलेल्या शाडूच्या मूर्तीचं काय करायचं ते ठरवा.

पुस्तकं आता उघडा, आधी नाही. प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ प्रथम वाचा. ते चित्रकाराने आतून लिहिलेलं आहे आणि कुठलाही नवखा वाचक त्यात शिरू शकतो. मग मर्ढेकर. त्यानंतर रा. भा. पाटणकरांचं १९७४चं ‘सौंदर्यमीमांसा’. मोठा ग्रंथ आहे, पानोपानी थांबायला लावतो, पण हातात स्वतःचं वाक्य असेल तर तो परका राहत नाही. वाचताना समासात फक्त दोनच खुणा करा. लेखक तुमच्या वाक्याला बळ देतो तिथे एक, आणि लेखक तुमचं वाक्य मोडतो तिथे दुसरी. दुसऱ्या खुणेची पानं वहीत उतरवून घ्या, आणि प्रत्येकाखाली तुमच्या पहिल्या यादीतली ती नोंद लिहा जिच्यासाठी तुम्ही त्या लेखकाशी अजूनही भांडायला तयार आहात.